कमीतलं बटण

आबांचा हात वर गेला आणि हवेतच थांबला. काचेमागच्या खोलीत कानवाली माइकवर ओणवी झाली होती. तिने एक शब्द सोडला की तो हात सुनेच्या गालावर बसणार होता.

मालिका थेट चालायची, संवाद कुणालाच पाठ नसत. प्रेक्षक घरबसल्या रिमोटचं बटण दाबत, त्यातला जिंकलेला शब्द तेवढा या खोलीतल्या पडद्यावर उमटे आणि ही तो नटांच्या कानात कुजबुजे. म्हणून सगळे तिला कानवालीच म्हणत. हल्ली रोज एकच शब्द यायचा: मार. खोटं मारलं तर लोक चॅनेल बदलतात, म्हणून मारही खरा. सुनेचं काम करणारी पोरगी मेकअपच्या खोलीत डाव्या कानावर तळवा दाबून बसायची. सकाळी कानवालीने तिला त्या बाजूने हाक मारली, तर तिने वळूनही बघितलं नाही. ऐकूच गेलं नव्हतं तिला.

"कौल आलाय. सांग त्याला," मागून साहेब म्हणाले.

"सर, तिचा कान..."

"कान तिचा, आणि दुखतोय तुझा? लोकांना हेच हवंय. आपण कोण ठरवणारे?"

जणू लोक म्हणजे कुणी राक्षस आणि साहेब बिचारे त्याचे पोस्टमन! पण कानवालीला खरं सलत होतं ते वेगळंच. त्या लोकांत तिची आईही होती. "मी आपलं 'मार' दाबते बाई," असं आई सहज बोलून गेली, आणि लेकीने तिथेच विषय तोडला. तेव्हापासून जेवताना 'मीठ दे, पाणी दे' यापलीकडे दोघींत शब्द नव्हता.

आबांचा हात अजून हवेतच होता. सासऱ्याचं काम करणारा, साठी उलटलेला हा माणूस काचेकडे बघून डोळ्यांनीच विनवत होता.

कानवालीने माइक तोंडाशी ओढला. "आबा, हात खाली घ्या. तिला पाणी द्या."

हात असा खाली आला, जणू कुणी त्यावरची गोणी उतरवली. आबांनी पेला भरला, निम्मं पाणी टेबलावर सांडलं. सून बघतच राहिली. मग दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा प्यायली आणि रडायला लागली. ते रडणं कुणी कानात सांगितलेलं नव्हतं.

"वेड लागलंय का तुला?" साहेब कडाडले. "आता बघ, पटापट टीव्ही बंद करतील लोक!"

किती घरांत मालिका चालू आहे तो आकडा कोपऱ्यात दिसायचा. सगळे तिकडे डोळे लावून बसले. आकडा हलला नाही. पेला रिकामा झाला, आबा मटकन खुर्चीत बसले. आकडा तसाच. मग हळूहळू चढू लागला.

साहेबांनी उगाचच चष्मा पुसला. "वाचलीस," ते म्हणाले. "उद्या वेळेवर ये."

जिन्यात सुनेने तिला गाठलं. तिचा हात दाबला आणि म्हणाली, "उद्या मी कानाच्या डॉक्टरकडे जातेय. आबा म्हणाले, ते सांभाळून घेतील."

घरी आई दारातच उभी.

"ते पाणी तूच द्यायला लावलंस ना?"

"हो. तुझा कौल मोडला. घाल शिव्या."

"शिव्या कशाला? आज कुठे माझा घास घशाखाली उतरला."

"मग रोज 'मार' का दाबायचीस?"

"अगं, बटणं दोनच देतात मेले. 'मार', नाहीतर 'पट्ट्याने मार'. मी आपलं कमीतलं दाबायचे. शेजारचीही तेच करते."

"दाबायचंच नाही मग!"

"आणि पट्टा जिंकला असता म्हणजे?"

कानवाली उंबऱ्यातच उभी राहिली. खांद्यावरची पिशवी कधी गळून पडली, तिला कळलं नाही.

"आई," ती म्हणाली, "पाणी दे ना."

"देते. आधी चपला काढ."