काल्हेरच्या वाचनालयातली बटणांची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी गोष्ट आहे. पण मला पानं नाहीत, बटणं आहेत. काल्हेरच्या वाचनालयातल्या जुनाट संगणकात मी राहते. दर वळणावर मी वाचणाऱ्याला विचारते, "आता पुढे काय?" तो दाबेल त्या बटणाप्रमाणे मी घडते. तेच तेच विचारून आता जीव शिणून गेला आहे.

मला ग्रंथपाल रंजिताताईंनी लिहिलं आणि दीपेश नावाच्या हुशार मुलाने संगणकात बसवलं. माझी नायिका म्हणजे गावातली आक्का, खाडीत मासे धरणारी. आवाजही तिचाच घेतला. सुरुवातीला मुलांची झुंबड उडायची. पुढे दीपेश परगावी गेला, मुलांच्या हाती मोबाइल आले आणि माझ्याकडे कुणी फिरकेना.

गेल्या वर्षी आक्का वारली. तेव्हापासून तिचे यजमान केसरीनाथकाका रोज दुपारी तिचा आवाज ऐकायला येतात. तिसऱ्या वळणावर मी विचारते, "भरती येते आहे. आक्काला एकटीला खाडीत जाऊ द्यायचं?" तिचा आवाज 'जाऊ दे'च्या पुढे आहे. काका दर वेळी 'नको' दाबतात. मग तिचा आवाज न ऐकवताच, 'आक्का घरीच राहिली' एवढं सांगून मी संपते. मला फार वाईट वाटतं, पण विचारण्यापलीकडे मला काही येत नाही.

"काका, 'जाऊ दे' दाबा ना. गोष्टच आहे ती," ताई म्हणायच्या.

"भरतीला बायकोला एकटी धाडू? मना न्हाय जमाचा." ताई दाबायला गेल्या तर ते त्यांचा हात धरायचे.

आता सोमवारी नवा संगणक येणार. मी त्यावर चालत नाही. ताईंनी खूप खटपट केली, व्यर्थ गेली. शनिवारी त्यांनी काकांना सांगितलं, "आज शेवटचं. हा भंगारात जाणार."

काका तिसऱ्या वळणावर आले. मग डोळे मिटून त्यांनी 'जाऊ दे' दाबलं.

"आवो, मना खाडी ठावं हाय," आक्का बोलली. "माजी वाट नका बघू. तुमी जेवून घ्या."

काका पडद्याकडे झुकले. "जेवलू गो," म्हणाले.

ताईंनी मोबाइल जवळ धरला होता. त्यात दोघांचेही आवाज उतरले.

माझं आता जायचं ठरलंच आहे. पण मित्रांनो, आम्हा बटणांच्या गोष्टींना पुस्तकांसारखी वाळवी लागत नाही. यंत्र बदललं की आम्ही मुक्या होतो. म्हणून जुनं यंत्र टाकण्याआधी त्यात कोण बोलतंय, ते एकदा ऐका आणि त्याला सोबत घेऊन जा.