धुरा टाचेला लागेपर्यंत

"आज चढावर पाय टेकला, तं रविवारी मी येत नाही," सत्यवती म्हणाली.

सकाळचे साडेपाच वाजले होते. वरठीला आमच्या घरासमोर मी चाकांत हवा भरत होतो आणि माझी बायको स्वतःलाच अट घालत होती. खरं सांगायचं तर मला मनातून जरा बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

रविवारी नागपूरहून दोनशे किलोमीटरची राइड होती. साडेतेरा तासांत संपवायची, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे आणि घरी यायचं. मी कारखान्यात फिटर आहे, आणि सहा वर्षांपासून मला हे वेड आहे. पदकं खिळ्याला टांगलेली आहेत, धूळ खातात. सत्यवती अंगणवाडीत जाते, तीही सायकलनंच, पण ते वेगळं. मागच्या वर्षी आमची एकुलती गुड्डी नर्सिंगला नागपूरला गेली आणि घर एकदम मोठं झालं. एका रविवारी मी हेल्मेट घालत असताना सत्यवती दारात आली आणि म्हणाली, "मले बी घेऊन चला." मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. अकरा महिने झाले, खूळ काही उतरलं नाही. मी तिला गिअरची जुनी सायकल घेऊन दिली. सपाटीवर ती माझ्या मागे मागे येतेच. अडतं ते चढावर.

बपेऱ्याच्या अलीकडे डोंगरात शिरणारा पाच वळणांचा एक रस्ता आहे. त्याला घाट म्हटलं तर साताऱ्याकडची माणसं हसतील. हसू द्या. त्यांनी ऑगस्टच्या उकाड्यात तो चढून दाखवावा. सत्यवती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा चौथ्या वळणावर तिचा पाय टेकला. आजची शेवटची खेप.

रात्री पाऊस पडून गेला होता. तलावांवरून वाफ उठून रस्त्यावर आली होती आणि तिच्यात आम्ही शिरलो. मी सेकंड शिफ्ट करून आलेलो, झोप जेमतेम चार तासांची. अशा वेळी सायकल आपण चालवत नाही, ती आपली आपणच चालते. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांच्या पाण्यात आभाळ, आणि मधून ओला काळा रस्ता. कधी वाटायचं, आपण जागच्या जागी आहोत आणि बांध्याच हळूहळू मागे सरकताहेत. एक बगळा बराच वेळ सोबत उडत होता. की ते पाच वेगवेगळे बगळे होते, सांगता येणार नाही. मोहाडी कधी गेली ते कळलंच नाही. तुमसरला कुठेतरी रेडिओवर भजन लागलं होतं, ते मागे राहिल्यावरही माझ्या कानात चालूच होतं.

माझ्या हँडलला एक छोटा गोल आरसा आहे. त्यात सत्यवती दिसायची, पिवळ्या जॅकेटचा ठिपका. ठिपका फार लहान झाला की मी एखाद्या पुलावर थांबायचो, पाणी प्यायचो, ती आली की "चल" म्हणायचो आणि निघायचो. म्हणजे विसावा मला मिळायचा, तिला नाही. हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, मी किती समजूतदार नवरा आहे.

चढाच्या पायथ्याला एक तलाव आहे. सगळीकडे रोवणी आटोपली होती, पण तलावाखालच्या एका बांधीत उशिराची चालू होती. सात-आठ बाया ओळीनं वाकलेल्या, डाव्या हातात धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हातानं रोवत एकेक पाऊल मागे सरकत होत्या. वाफेमुळे त्यांचे पाय दिसत नव्हते. कोणीतरी गाणं म्हणत होतं, आणि सगळ्या मिळून ते पाण्यावरून मागे मागे वाहत चालल्यासारख्या दिसत होत्या. मी सायकल उभी करून किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे.

सत्यवती येऊन थांबली. तिचं माहेर अड्याळकडचं. अकराव्या वर्षापासून तिनं रोवणी केलेली.

"चल," मी म्हणालो.

"थांबा नं जरा," ती म्हणाली. "ते पाहा. ते हिरव्या लुगड्याची बाई सगळ्यात पुढं गेली आहे."

"मग?"

"पुढं गेली, पन तोंड कोनाकडं आहे तिचं? मांगं राहिलेल्या बाईकडं. रोवन्यात असंच असते. उलटं चालाचं, म्हनून जो पुढं जाते त्याले मांगचा दिसते, अन् मांगच्याले त्याचं तोंड दिसते. किती राह्यलं ते कोनालेच दिसत नाही. टाचेले बांधीच्या कडेचा धुरा लागला का समजाचं, झालं. मंग 'धुरा लागला' म्हनून ओरडाचं."

"अन् हे तू मले आता काहून सांगून राहिली?"

"कारन मले तुमची पाठ दिसते," ती म्हणाली. आवाज शांत होता. "अकरा महिने झाले, दर रविवारी मी तुमची पाठच पाहून राहिली."

मला हे लागलं. मी म्हणालो, "दर दोन मिनिटाले आरशात पाहतो मी तुले."

"तुमी पाहता, मले मालूम आहे. मले काय दिसते?"

माझा पारा चढला. मी पेडलवर पाय ठेवला आणि निघालो. पाहायचं तर पाहा पाठ, असंच काहीसं डोक्यात होतं.

पहिली दोन वळणं मी रागातच चढलो. राग चढाला बरा असतो. तिसऱ्या वळणावर साजाची झाडं रस्त्यावर वाकलेली आहेत, तिथे हिरवा अंधार होता आणि पानांवरून रात्रीचं पाणी ठिबकत होतं. इथे राग उतरला. माझ्याच श्वासाचा आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. खालचं गाणं अजून येत होतं, किंवा मला तसं वाटत होतं. मी आरशात पाहिलं. आरशात ओला रस्ता होता, झाडं होती, वाफ होती. पिवळा ठिपका नव्हता.

मी मान वर केली. चौथं वळण समोर होतं आणि तिथे कोणीच नव्हतं, अर्थातच. मला एकदम गुड्डीचं रिकामं अंथरूण आठवलं. रविवारी मी निघून गेलो की मागे घरात सत्यवती काय करत असेल, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ती सायकलसाठी माझ्या मागे लागली नव्हती. ती माझ्या मागे आली होती. इतकी साधी गोष्ट, आणि अकरा महिने माझ्या डोक्यात शिरली नाही.

चौथ्या वळणावर मी पाय टेकला. सायकल कडेच्या पांढऱ्या दगडाला लावली आणि खाली बघत उभा राहिलो.

वाफेतून ती आली. सगळ्यात हलका गिअर, मान खाली, ओठ हलताहेत. सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत डुलत होती. चौथं वळण जवळ आलं तसं तिचं पुढचं चाक वळवळायला लागलं. डावा पाय पेडलवरून सुटायच्या बेतात होता. तिनं वर पाहिलं, आणि मी समोर उभा.

"काहून थांबले तुमी?" ती धापा टाकत म्हणाली. "जा नं पुढं."

"जाऊनच राहिलो," मी म्हणालो.

आणि मी उलटा चालायला लागलो. तोंड तिच्याकडे, पाठ चढाकडे. माझ्या बुटांच्या तळाशी लोखंडी पट्ट्या असतात, त्यांचा टक टक आवाज होत होता. ती चालत्या माणसापेक्षा जास्त वेगात नव्हतीच, त्यामुळे आमच्यातलं अंतर चार हातांचं होतं तेवढंच राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. चाक सरळ झालं.

"पाहू नको किती राह्यलं ते," मी म्हणालो.

"मले दिसतच नाही. तुमीच मधात आहा."

थोडं वर गेल्यावर ती म्हणाली, "ताठ काहून चालता? रोवनारी बाई वाकून असते."

मी वाकलो. उजवा हात डांबराकडे नेला, एक पाऊल मागे. परत हात, परत पाऊल. तिला हसू फुटलं आणि ती पडता पडता राहिली. तेवढ्यात वरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल उतरत आली. चालवणाऱ्यानं घट्ट चड्डीतला, हेल्मेट घातलेला, रस्त्यावर धान रोवणारा माणूस पाहिला आणि वेग अजिबात कमी न करता निघून गेला. त्यानं घरी जाऊन काय सांगितलं असेल, देव जाणे.

पाचवं वळण कधी आलं ते मला दिसलं नाही, तिलाही नाही. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. लाल झालेला, घामानं भिजलेला, कपाळावर चिकटलेले दोन पांढरे केस. हा चेहरा इतका वेळ, इतक्या जवळून मी लग्नानंतर पाहिला नसेल. तिच्या मागे रस्ता खाली उतरत गेला होता. झाडांच्या वर आता तलाव दिसायला लागला होता, आणि त्याच्या कडेला रोवून झालेली ती बांधी. वाफ विरळ होत होती. मी मागे जात होतो आणि सगळं एकेक करून समोर येत होतं.

माझ्या टाचेला काहीतरी कडक लागलं. मी धडपडलो आणि बसलोच. माथ्यावरच्या मारुतीच्या पाराची पायरी होती ती.

"धुरा लागला," सत्यवती म्हणाली. ओरडायला तिच्यात दम उरला नव्हता.

ती लगेच उतरली नाही. पाराला तिनं एक वळसा घातला, मग दुसरा. मग माझ्यासमोर येऊन थांबली, ब्रेक दाबून धरला आणि पाय पेडलवर ठेवूनच विचारलं, "आता टेकला तं चालते नं?"

मी मान हलवली. तिनं पाय टेकला आणि माझ्या बाजूला पायरीवर बसली. बाटलीतलं पाणी आधी मला दिलं, मग स्वतः प्यायली.

"सायकल तं खालीच राहिली तुमची," ती म्हणाली.

"राहू दे. रविवारी घरून पहाटे तीन वाजता निघा लागते," मी म्हणालो. "आरसा काढून ठेवतो मी."

"ट्रक कसे दिसतीन मंग?"

"तू सांगजो. बाजूलेच राहशीन नं."

ती तिच्या सायकलचं हँडल धरून उठली. ती चढ चढून आली होती, पण खाली जाताना सायकलवर बसली नाही. माझी सायकल आणायला आम्ही दोघं चालतच गेलो.