उष्टावणाची अंगठी

आमच्याकडे उष्टावण आजोबा करतात. सोन्याची अंगठी खिरीत बुडवायची, आधी आपल्या ओठाला लावून खीर कोमट आहे ना ते बघायचं आणि मग तीच अंगठी बाळाच्या ओठाला लावायची. माझ्या मुलाला, नंदूला, माझ्या वडिलांनी असंच भरवलं होतं. नंदूच्या मुलाला भरवायला मी ती अंगठी घेऊन निपाणीहून त्याच्या घरी, जे. पी. नगरला आलो होतो.

माझी सून सुखदा पुण्याची. ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू मोठ्यांच्या पाप्यातून बाळाला लागतो, असं तिने वाचलं होतं, आणि ते खरंही होतं. म्हणून बाळाला हात लावणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासलं. सुखदा, नंदू आणि कोरमंगलाला पीजीत राहणारा तिचा भाऊ अद्वैत, तिघंही निगेटिव्ह. मी पॉझिटिव्ह.

"या वयात कुठून आणलंत, आप्पाजी?" सुखदाने विचारलं.

"छुपे रुस्तम निघाले, ताई!" अद्वैत म्हणाला. नंदूही हसला.

माझं ताट वेगळं झालं, टॉवेल बाल्कनीत गेला. बाळाला हॉलमध्ये आणलं की मी उठून आत जायचो.

शेवटी धीर करून मी लॅबमधल्या डॉक्टर शिवलीलांना भेटलो.

"स्वल्प ऐका, अज्जा," त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "विषाणू कधीतरी अंगात शिरला, एवढंच रक्तातल्या ह्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे अँटिबॉडीजवरून कळतं. तुमच्या लहानपणीच शिरला असेल. निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत तो सापडतो. ओठावर फोड असताना बाळाला जपायचं. फोड नसताना क्वचितच लागतो."

"आणि निगेटिव्ह असला तर?"

"नवीन लागण रक्तात दिसायला काही आठवडे जातात. तेव्हा निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त, असं नाही."

घरी येऊन मी हे जमेल तसं सांगितलं. मला बोलताना अडखळायला होतं.

"म्हणजे तुम्ही पॉझिटिव्ह, तरी चालतंय. आणि आम्ही निगेटिव्ह असून संशयित?" सुखदा म्हणाली. "वा! उष्टावण अद्वैतच करेल. मामाचाही मान असतोच."

अंगठी मात्र माझीच घेतली.

उष्टावणाच्या दिवशी अद्वैत पाटावर बसला, बाळ त्याच्या मांडीवर. मी दाराशी उभा होतो. त्याच्या वरच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका होता, वरून पावडर लावलेली.

"नंदू, त्याच्या ओठाकडे बघ," मी म्हणालो.

"दाढी करताना कापलंय, आप्पाजी. रिपोर्ट दाखवू?" अद्वैतच म्हणाला.

पाहुणे हसले. सुखदा हसली नाही. "स्वतःला मान मिळाला नाही, म्हणून विघ्न आणताय?"

मला नीट दिसलं होतं का? चष्मा जुना आहे, असं माझं मलाच वाटलं. तेवढ्यात अद्वैतने अंगठी खिरीत बुडवली, आपल्या ओठाला लावली आणि मग बाळाच्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळाने जीभ बाहेर काढून खीर चाटली.

आठवडाभरात बाळ तापाने फणफणलं. हिरड्या, जीभ, ओठ फोडांनी भरले. दूध तोंडाला लावलं की किंचाळायचं. हॉस्पिटलात त्याच्या इवल्याशा हाताला सलाइन लावलं.

"हर्पीसच आहे," बालरोगतज्ज्ञ म्हणाले. "घरात कुणाला फोड होते का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अद्वैतचं रक्त पुन्हा तपासा," मी म्हणालो.

"त्याचं एकदा झालंय!" सुखदा ओरडली. "मुलगा मरायला टेकलाय आणि यांना अजून माझा भाऊच दिसतोय!"

अद्वैत मोबाइलमध्ये बघत होता.

नंदूने मला बाजूला घेतलं. "आप्पाजी, खरं सांगा. बाळाचा पापा घेतला होता?"

एका दुपारी सुखदा अंघोळीला गेली असताना बाळ रडत होतं. मी त्याला उचललं होतं. त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं होतं. ओठ लागले होते का? केसांना? क्वचित, डॉक्टर म्हणाल्या होत्या. क्वचित म्हणजे होतच नाही, असं थोडंच आहे?

"असेल," मी म्हणालो.

नंदूने मोबाइलवर निपाणीची बस बघितली.

स्टँडवर सोडायला अद्वैत आला. त्याच्या ओठावरची खपली पडून तिथे गुलाबी डाग राहिला होता. बॅग माझ्या हाती देऊन त्याने खिशातून पुडी काढली.

"तुमची अंगठी. ताईने उकळून ठेवली होती," तो म्हणाला. माझं बोट लागू नये, अशी पुडी त्याने चिमटीतच धरली होती.