बाबलीशेट बाकावर बसले

मित्रांनो, फुटबॉलचा सामना पाहायला गेलात की तुमची नजर चेंडूवर असते, आणि ती तिथंच असायला हवी. पण रेषेच्या बाहेर एक लांबट बाक असतो. त्यावर राखीव खेळाडू बसतात, पाण्याच्या बाटल्या असतात, आणि एका टोकाला नखं कुरतडणारे प्रशिक्षक बसलेले असतात. गोव्यातल्या चोपडे गावच्या मैदानावरचा तो बाक म्हणजे मी. गोल झाला की कुणी मला मिठी मारत नाही. मात्र गोल झाला नाही, तर सगळे माझ्यावरच मूठ आपटतात.

माझा जन्म डिचोलीचा. शंभू च्यारी नावाच्या सुताराच्या परसातला फणस एका वादळात आडवा झाला. शंभूने त्याच्या फळ्या काढल्या, महिनाभर सावलीत वाळवल्या आणि मला घडवलं. आठ फूट लांब, सात माणसं ऐसपैस बसतील असा. रंग हळदीसारखा पिवळा. एका टेम्पोत पाय वर करून मी चोपड्याला आलो.

तेव्हा गावच्या शाळेतले रामचंद्र मास्तर संघाला शिकवायचे. ते माझ्या डाव्या टोकाला बसत. बारा वर्षं तेच टोक! हरले तरी तिथंच, जिंकले तरी तिथंच. मैदानात उतरताना पोरं मला हात लावून नमस्कार करायची. शापोरा नदीवरून संध्याकाळचा वारा यायचा आणि मला वाटायचं, आपल्यासारखं नशीबवान लाकूड दुसरं नाही.

मास्तर निवृत्त होऊन मुलीकडे गेले आणि संघाची घडी विसकटली. सराव बंद पडला. मला कुणीतरी मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. एका उन्हाळ्यात माझ्यावर सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत घातली, पुढच्या वर्षी मासेमारीची जाळी. खोटं कशाला बोलू? सोलांचा वास मला आवडला. पण पाठीला माणसाची सवय झालेली असली की जाळं काही बोलत नाही हे जाणवतं.

अशी काही वर्षं गेली आणि बाबलीशेट आले.

बाबलीशेट आमच्याच गावचे. मांद्र्याला समुद्राजवळ त्यांची तीन मोठी गेस्टहाऊसं. माणूस मनाने सोन्यासारखा, पण दम नावाची चीज त्यांच्या अंगात नव्हती. चहा उकळायच्या आत कप पुढे करणार. लिफ्टचं बटण पाच वेळा दाबणार. त्यांनी गावचा क्लब हाती घेतला, नवे गणवेश शिवले, मैदानावर हिरवळ लावली, मला निळा रंग दिला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नव्वद दिवसांत मी गेस्टहाऊस उभां केलंय. मग संघ उभा करूक किती दिवस लागतले?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

पहिले प्रशिक्षक बेंगळुरूहून आले. मांडीवर संगणक घेऊन बसायचे. ते म्हणाले, आधी बचाव पक्का करू, वर्षभरात संघ जुळेल. 'वर्षभर' हा शब्द ऐकताच बाबलीशेटांचा चेहरा पडला. सहा आठवड्यांनी संगणक मिटला आणि ते बेंगळुरूला परतले. दुसरे मडगावचे, स्वतः मोठे खेळाडू होते. ते म्हणाले, बचाव पुरे, आता हल्ला. नऊ सामने टिकले. एका लग्नाच्या पंगतीत जेवत असताना त्यांना शेटांचा फोन गेला. तिसरा तर एक उंच गोरा पाहुणा. शेटांना तो मांद्र्याच्या किनाऱ्यावर सापडला. 'आपण खेळ शिकवतो' एवढंच त्याने सांगितलं होतं. त्याने पोरांना दोन दिवस डोळे मिटून श्वास घ्यायला लावलं, तेव्हा कळलं की तो योग शिकवायचा. बाराव्या दिवशी तोही गेला. जाताना त्याने मला मात्र वाकून नमस्कार केला.

पोरांची दशा काय सांगू! शेवटी गौरेश पुढे आला. गौरेश म्हणजे संघाचा कर्णधार, पेडण्यात मोटारसायकली दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "शेट, एक सायब म्हणता डावेसून खेळा, दुसरो म्हणता उजवेसून. तिसरो म्हणता डोळे मिटा. आमका पाय दोनच आसत हो!"

सगळे हसले. शेट हसले नाहीत. त्यांना वाटलं, चूक माणूस निवडण्यात झाली, दुसरा आणला की झालं. पण एव्हाना गोव्यातल्या सगळ्या प्रशिक्षकांना चोपड्याची कीर्ती कळली होती. फोन केला की कुणाच्या घरी पाहुणे असायचे, कुणाचे गुडघे दुखायचे. मग शेट म्हणाले, "कोण नको. मीच बसतंय."

मित्रांनो, तो सामना मी कसा विसरेन? बाबलीशेट एकूण चार मिनिटं माझ्यावर बसले असतील. बाकीचा वेळ उभे! पहिला गोल बसताच त्यांनी गोलरक्षक बदलला. दुसरा बसताच मधला खेळाडू. अर्धा तास होईपर्यंत बदलायला कुणी उरलं नाही. मग एकाचा पाय मुरगळला आणि आम्ही दहाजणच खेळलो. सहा विरुद्ध शून्य! शेटांची आई चंद्रावती छत्री टेकत सामना बघायला आली होती. सामना संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबल्या, आता कोणाक काढतलंस? सोताक?"

शेट आधी चिडले. मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले आणि माझ्यावर धपकन बसले. तेव्हाच कुंपणापलीकडून एक माणूस आत आला.

त्याचं नाव हरी. कोल्हापूरकडचा. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टचा प्रमुख. बायको सुप्रिया आणि तो गावातच भाड्याने राहायचे. कोल्हापूरच्या तालमीच्या फुटबॉल संघातून तो दहा वर्षं खेळला होता. आमचा प्रत्येक सामना त्याने कुंपणाबाहेर उभं राहून पाहिला होता.

"मालक, मी शिकवतो पोरांस्नी," तो म्हणाला. "संध्याकाळी मोकळाच असतोय. पण माझी एक अट हाय. हंगाम संपेपर्यंत तुम्ही हितंच माझ्या शेजारी बसायचं. वर पाहुण्यांच्या खुर्चीत न्हाई."

शेटांपुढे दुसरा इलाज नव्हता. "बरां," ते म्हणाले. "पण मीय एक सांगून ठेवतंय. संघ लीगच्या खालच्या विभागात घसरलो, तर क्लब बंद. हय गाड्यांचा पार्किंग करतलंय. शापोऱ्याच्या पुलावरून पर्यटकांची रीघ लागता."

पार्किंग! म्हणजे माझी रवानगी पुन्हा जाळ्यांखाली. पण हरीने मान डोलावली आणि कामाला लागला.

त्याचे पहिले तिन्ही सामने आम्ही हरलो. गंमत अशी की तिन्ही वेळा शेवटच्या पंधरा मिनिटांत. तिसऱ्या पराभवानंतर चौथ्या दिवशी सराव सुरू असताना शेट आले, माझ्या दुसऱ्या टोकाला बसले आणि घसा खाकरला. मला तो घसा ओळखीचा होता.

"हरी, पुरे आता."

"काढा की मालक," हरी मैदानावरची नजर न हलवता म्हणाला. "फक्त जायच्या आदी एक सांगा. त्यो पाच नंबर दिसतोय न्हवं, त्याचं नाव काय?"

"पाच नंबर... तो उंच."

"उंच दिसतोय मलाबी. नाव काय?"

हरीने सात नंबराचं विचारलं, दोन नंबराचं विचारलं. शेटांना फक्त गौरेश ठाऊक होता, तोही त्यांची मोटारसायकल दुरुस्त करायचा म्हणून.

"त्यो प्रथमेश," हरी म्हणाला. "वाळपईचा. पहाटे उठून गोठ्याचं सगळं करतंय, मग तीन बसा बदलून हितं येतंय. सामन्याच्या दिवशी पोटात काय, तर एक पाव आणि भाजी. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याचे पाय उचलत न्हाईत, आन् गोल त्याच्याच बाजूनं बसतोय. असली चार पोरं हाईत. आता मला काढून दुसरा आणलासा, तर त्यो त्यांची बस चालवणार हाय का?"

बाबलीशेटांचा पाय नेहमी हलत असायचा, म्हणजे मीही हलायचो. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तो पाय थांबला. मग ते उठले आणि थेट मैदानात गेले. त्यांनी प्रथमेशच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या सोमवारी तो आणि आणखी तीन दूरचे खेळाडू सामान घेऊन मांद्र्याच्या गेस्टहाऊसमध्ये राहायला आले. प्रथमेशच्या घरचा गोठा त्याचा काका बघू लागला. शेटांची बायको सुविधा या मुलांना सकाळी पेज आणि दुपारी पोटभर शीत-कडी, म्हणजे भात आणि माशांची आमटी, वाढायची. वर म्हणायची, "खाल्ल्याशिवाय कोण उठता तां बघतंय."

आणि शेवटची पंधरा मिनिटं आमच्या बाजूने वळली. एक सामना बरोबरीत सुटला. पुढचा आम्ही जिंकलो. नंतर एक हरलो, दोन जिंकलो. शेट माझ्यावर बसू लागले. आधी दहा मिनिटं, मग पाऊण तास. ते अजून ओरडत, पण आता 'ए पाच नंबर' नव्हे, तर 'प्रथमेशा, पाठी बघ रे!' असं.

तरीही सुरुवातीचे पराभव भारी पडले. शेवटचा सामना आला तेव्हा आम्ही तळाशीच होतो. जिंकलो तर वाचणार, नाहीतर खाली. आसपासची सगळी गावं लोटली होती. चंद्रावतीआजीची छत्री पहिल्या रांगेत होती.

पंचविसाव्या मिनिटाला प्रथमेशचा पाय घसरला, चेंडू सुटला आणि समोरच्यांनी गोल केला. माझ्या टोकाशी बसलेले शेट ताडकन उठले. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता 'काढा त्याला'! हरीने वळून पाहिलंसुद्धा नाही. शेटांनी दोन क्षण ओठ घट्ट दाबले आणि ओरडले, "जांव दी रे! खेळ तू! आमी आसंव!"

प्रथमेशने मान वर केली. उत्तरार्धात त्याने असा खेळ केला की समोरचे दोघे त्याच्या मागे धावून दमले. सत्तराव्या मिनिटाला त्याच्या लांब पासावर गौरेशने डोक्याने गोल केला. एक-एक! शेवटची वीस मिनिटं चेंडू त्यांच्याच अंगणात होता. एकदा तर तो खांबाला लागून परत आला. तेव्हा माझ्यावरचे सातही जण एकदम उडाले आणि एकदम माझ्यावर आदळले. माझी मधली फळी तेव्हाच तडकली.

शिटी वाजली. बरोबरी. एक गोल कमी पडला आणि आम्ही खाली घसरलो.

पोरं गवतावर बसली. गौरेशने तोंडावर गणवेश ओढून घेतला. सगळ्या गावाची नजर माझ्याकडे, म्हणजे माझ्या दोन टोकांकडे वळली. हरी उठला, बाटल्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि म्हणाला, "मालक, संघ घसरला. तुमचा शब्द तुम्ही पाळा. माझी काय तक्रार न्हाई."

तो चार पावलं गेला असेल.

"खंय चललंस?" बाबलीशेट म्हणाले. "सोमवारी सराव नाय?"

हरी थांबला. "आन् पार्किंग?"

"गाड्ये लावतीत खंयय रस्त्यार. पोरां खंय लावू?"

मित्रांनो, खालच्या विभागात घसरलेल्या संघासाठी एवढ्या टाळ्या वाजलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. ढोल आले. जिंकलेले वाटावेत तसे आमचे खेळाडू खांद्यांवर होते. पाहुण्या संघाला कळेना की नेमकं जिंकलं कोण. चंद्रावतीआजीने मुलाला खाली वाकायला लावून त्याचे केस विस्कटले.

आता नवा हंगाम सुरू आहे. खालच्या विभागात आम्ही तिसरे आहोत. गेल्या रविवारी हरलो. शेट खूप ओरडले, पण सोमवारी हरीच्या आधी मैदानावर हजर होते. सोबत हातोडी आणि खिळे. माझी तडकलेली फळी त्यांनी स्वतः ठोकली. दोन खिळे वाकडे गेले, अंगठाही सुजला. कुणीतरी म्हणालं, "शेट, नवीन बाक घेया." ते म्हणाले, "हो खंय वाईट आसा? थोडो सांभाळूक जाय."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, गावात, मैदानावर माझ्यासारखा एखादा बाक असेल. त्याच्यावर बूट घेऊन उभे राहू नका. पावसात त्याला उघड्यावर सोडू नका. खिळा वर आला तर ठोका. लाकडाला एवढं पुरतं. आणि त्याच्यावर कुणी नवं माणूस येऊन बसलं, तर त्याचं नाव विचारा, त्याला पाणी द्या, आणि निदान बाक ऊबदार होईपर्यंत तरी त्याला बसू द्या.