चालवून दाखवा

शॅरननं दाहिनीच्या लोखंडी ट्रेला मोजायचा टेप लावला आणि तेवढ्यात शेडच्या तोंडाशी तिरडी आली.

चौघांनी खांदा दिला होता, पण खांद्यावर ओझं नव्हतं. ओझं असलं की पावलं आपोआप जुळतात. इथं प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडत होतं आणि तिरडी कधी डावीकडं, कधी उजवीकडं कलत होती. मागं गावातली माणसं, त्यांच्यामागं थोडं अंतर ठेवून बायका. बायका मसणात येत नाहीत. आज आल्या होत्या, कारण या जागेला अजून कुणी मसण म्हणत नव्हतं.

शॅरननं टेप सोडला. तो करकरत डबीत शिरला.

"भाऊसाहेब, कोण गेलं?"

ग्रामसेवक कल्याण घाम पुसत पुढं आला. गाव त्याला भाऊसाहेब म्हणे, म्हणून तीही म्हणत होती.

"गेलं असं नाही, मॅडम. तुम्हीच म्हणालात ना काल, चालवून दाखवा."

*

आक्षेप: दाहिनी बांधून पूर्ण झाली, पण आजवर एकदाही वापरात आलेली नाही.

खुलासा: दरम्यानच्या काळात गावात मृत्यू झाला नाही.

*

हा खुलासा कल्याणनं सही-शिक्क्यानिशी पाठवला होता, आणि नगरच्या लेखापरीक्षा कार्यालयात तो वाचून सगळे हसले होते. शॅरनही हसली, आणि मग दौरा तिच्याच वाट्याला आला.

महामारीत सरणाला लाकूड पुरेना झालं होतं. गोदावरीच्या कडेला वाळूत सरणं जळत आणि राख सरळ पाण्यात जाई. पुढं सरकारनं खास पॅकेज काढलं. ऊर्जा वाचवा, नदी स्वच्छ करा, रिकाम्या हातांना काम द्या, सगळं एका दमात. शेवगावच्या पुढच्या या गावाला त्यातून ही दाहिनी मिळाली. उसाचं पाचट दाबून केलेल्या कांड्या जाळायच्या, आणि सौर पॅनेलवर चालणाऱ्या पंख्यानं आगीला वारा द्यायचा. कागदावर छान होतं.

पण ती एकदाही पेटली नव्हती. बांधणाऱ्यानंही पेटवून पाहिली नव्हती. काल शॅरननं विचारलं तेव्हा चावडीवरच्या एका म्हाताऱ्यानं तिला समजावलं होतं.

"रिकामा पाळना हालवत न्हाईत बाई, अन् रिकामं सरन पेटवत न्हाईत. बोलावल्यावानी व्हतं."

"मी पेटवते. माझा विश्वास नाही यावर."

कल्याणनं हात जोडले होते.

"तुम्ही पेटवाल आणि घरी भिंगारला निघून जाल, मॅडम. उद्या इथं कुणाला साधा ठसका लागला तरी लोक माझ्या दारात येतील."

"मग मी बंद म्हणून लिहिते."

एवढंच ती बोलली होती. तेवढ्यावर कल्याणनं रात्रीतून हे उभं केलं होतं.

*

तिरडीवर पिठाचा माणूस होता.

आत दर्भाच्या पेंढ्या, वरून ज्वारीचं पीठ मळून थापलेलं, अंगात चौकड्यांचा शर्ट. डोळ्यांच्या जागी दोन कवड्या. शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली होती, आणि तिथं कुणीतरी सेफ्टी पिन लावली होती. शॅरनची नजर त्या पिनेवर अडकून राहिली.

"हनुमंत," कल्याण हळू आवाजात म्हणाला. "ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला होता. येताना एका स्टँडवर पाणी आणायला म्हणून उतरला. तो उतरलाच, परत आला नाही. बारा वर्षं झाली की असा पुतळा करून जाळतात. मग तो माणूस गेला असं धरतात. यांचं यंदा करायचंच होतं, मॅडम. मी फक्त दिवस ठरवला."

तिरडी खाली ठेवताना खांदेकऱ्यांतला एक जण म्हणाला,

"चौघं कशाला लागतेत, एका हातात आला असता."

"जित्ता हुता तवा बी हलकाच हुता की," दुसरा म्हणाला. दोघं हसले आणि बायकांकडं बघून गप्प झाले.

बायकांच्या पुढं हनुमंतची बायको, सुकन्या, उभी होती. चाळिशीच्या आतली. कपाळ पुसलेलं, त्यामुळं मधला गोल भाग बाकीच्या चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत होता. मनगटावर काचेचा ताजा ओरखडा होता. शॅरन तिच्याजवळ गेली.

"माझ्यामुळं करत असाल तर नका करू. मला यंत्र बघायचंय फक्त."

"तुमच्यामुळं कशाला, मॅडम?" सुकन्या म्हणाली. "पोरीचं लगीन जमलंय. पत्रिका छापायची हाय. पावनं इचारत्यात, बापाच्या नावाम्होरं श्री घालायचं का कैलासवासी. काय सांगू?" ती थोडं थांबली. "मला हळदी-कुंकवाला कुनी बोलवत न्हाई. अन् रांडमुंड म्हनून सोडत बी न्हाईत. बारा वर्सं उंबऱ्यावर उभी हाय मी. आत न्हाई, भायेर न्हाई."

"आन् त्यो आला म्हंजे?"

आवाज शेडपुढच्या चौथऱ्याकडून आला. तिथं कडूबाई बसली होती, हनुमंतची आई. डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर कापडाची पुडी.

"आला तर त्याला काय तोंड दाखवशील? तुला जाळलं म्हनशील?"

"आला तर त्यालाच इचारीन, आत्या. पानी कुठलं आनाय गेल्तास."

बायकांपैकी कुणीतरी हसू दाबलं. कडूबाईनं मान फिरवली.

*

शॅरननं दाहिनीची मागची भिंत पाहिली. पंख्यासाठी चौकोनी भोक होतं. त्यात पोतं कोंबलेलं होतं. भोकाच्या कोपऱ्यांवर नुसते बोल्ट.

"पंखा?"

"दुरुस्तीला गेलाय," कल्याण म्हणाला.

"सरपंचाच्या पोल्ट्रीत दुरुस्त व्हतोय," गर्दीतून आवाज आला. "कोंबड्या लई खूश हायेत." या वेळी माणसं मोकळेपणानं हसली. कल्याण हसला नाही.

"पंख्याशिवायही पेटतं, मॅडम. बघा तुम्ही."

पुतळा ट्रेवर ठेवला गेला. खाली कांड्या रचल्या. नमुन्याला आलेल्या तेवढ्याच होत्या. बाकीचं पाचट शेडमागं गंज होऊन तसंच पडलं होतं, दाबायचं यंत्र कधी आलंच नव्हतं. हनुमंतचा चुलतभाऊ अजिनाथ मडकं घेऊन फिरला. मडकं फुटलं. त्यानं तोंड फिरवून पलिता लावला.

कांड्यांनी धूर धरला. शर्टाची एक बाही पेटली, कोपरापर्यंत गेली आणि विझली. कल्याण वाकून पुठ्ठ्यानं वारा घालू लागला. पोतं काढलं, तर उलटा वारा आत आला आणि सगळा धूर माणसांच्या तोंडावर गेला. अजिनाथनं खिशातून बाटली काढून डिझेल शिंपडलं. भडका उठला, बायका मागं सरल्या, आणि भडका बसला.

मग वास आला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक जण शेजारच्याकडं बघू लागला. खरपूस, ओळखीचा, रोज संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरातून निघणारा वास. तव्यावरची भाकरी उलथली की येतो तो. एका बाईनं पदर नाकाला लावला.

धूर विरळ झाला. पुतळा ट्रेवर तसाच होता. वरून तपकिरी, छातीवर फुगून तडकलेला. कवड्या जागेवर. सेफ्टी पिन काळी पडली होती.

कडूबाई चौथऱ्यावरून उतरली, चाचपडत ट्रेपाशी आली आणि तिनं हात पुढं केला. बोट टेकलं, चटका बसला, तरी काढलं नाही.

"भाजलाय नुसता," ती म्हणाली. "आगीनं घेतला न्हाई. हाय. माझा हनुमंत हाय."

मग तिनं पुडी सोडली. आत हिरव्या बांगड्या होत्या. घरूनच आणल्या होत्या.

"हात आन, सुकन्या. भर चुडा."

सुकन्यानं हात पाठीमागं नेले.

*

पाहणी: दाहिनी पेटवून पाहिली. आगीला वारा मिळत नसल्याने दहन

शॅरनचं पेन इथं थांबलं.

*

"मॅडम." कल्याणनं तिला बाजूला घेतलं. त्याच्या भुवयांवर राख होती. "पेटली तर होतीच ना. चालू आहे असं लिहा. पंखा मी उद्या आणून बसवतो, सरपंचाच्या पाया पडेन. माझ्या सह्या आहेत पूर्णत्वाच्या दाखल्यावर. नोकरी जाईल. आणि त्या सुकन्याचंही भलं होईल. सरकारी माणसानं झालं म्हटलं की गाव झालं म्हणतं."

"लिही बाई," पलीकडून कडूबाई ओरडली. तिला ऐकू चांगलं येत होतं. "न्हाई जळला म्हनून लिही. तुझ्या कागदावर लिही."

शॅरन दोघांकडं बघत राहिली. भिंगारच्या दफनभूमीत तिच्या आजोबांच्या, एलियांच्या, नावाचा दगड होता. दर नाताळाआधी ती तो धुवायची. तिथं कुणी कधी विचारलं नव्हतं, खाली नक्की आहेत ना.

"मी यंत्राबद्दल लिहिणार," ती म्हणाली. "माणसाबद्दल नाही."

"म्हणजे?"

"बंद आहे."

कल्याण पुठ्ठ्याची घडी घालत राहिला.

माणसं पांगू लागली होती. अर्धं काम झालं की पूर्ण, आंघोळ करायची की नाही, यावर वाद घालत ती गावाच्या वाटेला लागली. बायकाही गेल्या. कडूबाई ट्रेपासून चाचपडत परत चौथऱ्यावर आली, बांगड्या मांडीवर ठेवून, तोंड वाटेकडं करून बसली.

सुकन्या ट्रेपाशी गेली. पदर हाताला गुंडाळून तिनं पुतळा उचलला. पाठ खाली चिकटली होती, ती तशीच ट्रेला राहिली. उरलेला तिनं छातीशी धरला आणि शेडच्या मागं गेली. पावलांचा आवाज केला नाही. शॅरननं पाहिलं. कल्याणनंही पाहिलं. मागं पाचटाची गंज होती, तिच्यापुढं वाळू आणि पाणी.

काडी ओढल्याचा आवाज झाला. मग पाचटाचा तडतडाट.

*

पाहणी संपली की जागेचा फोटो काढायचा, असा नियम होता. वेळ आणि ठिकाण त्यावर आपोआप उमटे. शॅरन समोर जाऊन उभी राहिली आणि तिनं मोबाईल वर धरला. शेड, सौर पॅनेल, धुराडं. आणि धुराड्याच्या बरोबर टोकावर, मागून उठलेला दाट पांढरा धूर.

"काढा, मॅडम!" कल्याणच्या आवाजात जीव आला. "आत्ता काढा. धुराड्यातूनच निघतोय जणू. फोटोला कोण खोटं म्हणणार?"

शॅरननं मोबाईल खाली घेतला.

"मॅडम, हात जोडतो."

ती वळून चौथऱ्याकडं निघाली. कल्याण मोटरसायकलकडं गेला. गाडी सुरू केली नाही. नुसता तिच्यावर बसून राहिला.

शॅरन चौथऱ्यावर, कडूबाईच्या शेजारी येऊन बसली. अशी बसली, की म्हातारीनं वळून पाहिलंच तर आधी तीच आड यावी.

"कशाचा गं धूर यायलाय, पोरी?"

शॅरननं मागं वळून पाहिलं नाही.

"पाचट पेटवलंय कुणीतरी, आजी."

कडूबाईनं मान हलवली. नाक वर करून तिनं वारा हुंगला. एकदा, मग परत एकदा. मांडीवरच्या बांगड्या तिनं एकेक करून पुडीत ठेवल्या आणि गाठ मारली. पुडी हातातच राहिली.

शॅरन थांबली. धूर काळपट झाला, मग विरळ झाला, मग धुराड्याच्या वर नुसतं आभाळ उरलं. तेव्हा ती उठली आणि तिनं फोटो काढला.