तरसाचं दुसरं अंग

धम्मप्रियाचा जीव कुठं अडकला ते कळायचं, तर आधी तरसाचं कळायला हवं. प्रत्येक तरसाचे पट्टे निराळे, त्यातही डाव्या अंगावर जसे पट्टे असतात तसे उजव्या अंगावर नसतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधायचे. जनावर मधून गेलं की दोन्ही अंगांचे फोटो एकदम मिळतात. हे धम्मप्रियाला पाठ होतं हो! पण हिवाळ्यातल्या प्राणीगणनेत तिचा एक कॅमेरा बिघडला, आणि बाईसाहेबांना घाई लई. उरलेल्या कॅमेऱ्यात एकदा डावं अंग आलं, एकदा उजवं. पट्टे जुळेनात. झालं! हिनं सोलापूरला वीरभद्रप्पा सरांना फोन लावला, "सर, जोडी आहे!"

सर त्या प्राणीगणनेचे प्रमुख. त्यांनी जोडीचा अहवाल वर पाठवला आणि मंद्रूपच्या पलीकडचं ते बाभळीचं रान वाचलं. एका बाजूला खडीची खाण, बाकी तिन्हीकडं सोलरच्या प्लेटा, मधे एवढंच रान उरलेलं. तेही प्लेटांखाली जाणार होतं. आत कुत्री शिरू नयेत म्हणून चहूबाजूंनी उंच जाळी मारा, असा आग्रहही धम्मप्रियानंच धरला. शहाणीच की!

आज जाळीचा शेवटचा गाळा तेवढा बांधायचा उरला होता. बिघडलेला कॅमेरा दुरुस्त होऊन आला होता; दोन्ही कॅमेऱ्यांतले नवे फोटो ती बाभळीखाली बसून बघत होती. तरस दोन्ही कॅमेऱ्यांच्या मधून गेलं होतं. डावीकडं हिवाळ्यातलेच डावे पट्टे, उजवीकडंही हिवाळ्यातलेच उजवे. तिनं पुन्हा पुन्हा जुळवून बघितलं.

एकच होतं. पहिल्यापासून एकटंच.

जाळी बंद झाली, की बाहेरून जोडीदार येणार नाही आणि हे बाहेर जाणार नाही. ती धावत गाळ्यापाशी गेली.

"दादा, एवढी वाट मोकळी राहू द्या!"

"सरांना विचारा, मॅडम," जाळी ओढणारा म्हणाला. "आमाला बंद करायला सांगितलंय."

तिनं सरांना फोन लावला.

"वाट कशाला?" सर म्हणाले. "जोडी आत आहे ना?"

"सर, आजचे फोटो..." तिनं सुरुवात केली. सर काय ते समजले. त्यांचा आवाज खाली आला.

"हे बघ, एकच असेल तर तसं कळवतो. पण एका जनावरासाठी सोलरवाले एवढं रान सोडणार नाहीत. बोल, किती आहेत?"

आता बोला! एक म्हणावं तर रान जातं, आणि ते जनावर खाणीत नाहीतर हायवेवर मरतं. दोन म्हणावं तर ते मरेपर्यंत आत एकटं. धम्मप्रियाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"दोन," ती म्हणाली आणि फोन ठेवून बाहेर आली. तिच्या मागं माणसांनी जाळी ताणून बांधली.

बाहेर सोजरबाई शेळ्या घेऊन उभी होती. या रानात तिच्या तीन पिढ्यांनी शेळ्या चारलेल्या. पण जोडी आहे म्हटल्यावर तिनं आपण होऊन शेळ्या बाहेर काढल्या होत्या.

"जोडी बरी हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हो, मावशी."

"मग पिल्लं कवा व्हतील गं?"

धम्मप्रियाला तिच्याकडं बघवेना. "होतील की," ती म्हणाली.

म्हातारीचा चेहरा खुलला. तिनं शेळ्या खाणीकडच्या वाटेला वळवल्या, आणि जाता जाता जाळीला हात घालून, चांगली हलवून बघितली, घट्ट बसलीय का ते.