पायांवरची अंघोळ

“मॅम, प्लीज स्टेप बॅक.”

म्युझियमचा गार्ड दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा वीणाने माझा दंड धरून मला जमिनीवरच्या रेघेमागे ओढलं. “आई, काय करतेस यार! अलार्म वाजेल.”

मी काय करत होते? चित्रातल्या आईचे हात बघत होते. इम्प्रेशनिस्ट की काय म्हणतात तसलं चित्र. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे. पण त्या बाईने उघडं बाळ मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याला न्हाऊ घालत होती. पकड अगदी बरोबर. नागपूरच्या प्रसूतिगृहात चौतीस वर्षं सिस्टर होते मी. पकड मला कळते.

“किती टेंडर आहे ना!” वीणा म्हणाली. तिचे डोळे चक्क भरून आले.

मला मात्र संताप आला. तिच्या बाळंतपणाला इथे परदेशी आल्यापासून हीच माझी लेक पाच महिने ऐकवतेय, “पायांवर नको गं आई. डॉक्टरने टब सांगितलाय. स्लिप झाला तर?” हजारो बाळं मी पाय पसरून, पायांवर घेऊन न्हाऊ घातली. हिलासुद्धा. एक घसरलं नाही. आणि स्ट्रोलरमध्ये झोपलेल्या या नातवाला, ईशानला, एकदाही नाही! तिची भीती मला कळते, आधीचं एक पोटातच गेलं होतं. पण म्हणून माझे हात परके? उद्या माझं परतीचं विमान होतं.

“वीणा, आज एकदाच घालू दे मला त्याला अंघोळ.”

“आई, इथे नको ना हा टॉपिक.”

निघताना तिने त्या चित्राचं मोठं पोस्टर घेतलं. डब्लिनला, वीणाच्या घरी पोचताच ऋषीने, जावयाने, ते बाथरूममध्ये टबाच्या वर चिकटवलं.

संध्याकाळी ईशान टबात किंचाळत होता. वीणाचा हात त्याच्या मानेखालून सारखा सरकत होता.

“अगं, बगलेतून धर,” म्हणत मी वाकले.

“आई, जरा मागे हो ना. प्लीज.”

मी टॉवेल घेऊन मागे झाले. भिंतीवरचं बाळ निवांत होतं. इथे जमिनीवर रेघ नव्हती, पण कुठे थांबायचं ते मला बरोबर कळलं.